दादींचं वजन शेवटचं कधी केलं?

दादींच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा आम्ही घरात सगळे हसलो. शेजारच्या खाला म्हणाल्या, "वय झालं, माणूस वाळणारच." आम्हीही मान डोलावली. काही महिन्यांनी दादी फजरला वजू करायला उठल्या आणि मोरीच्या उंबऱ्यात पडल्या. दवाखान्यात आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत वजन किती उतरलं?" वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात वजन-उंची भरणाऱ्या आम्हाला उत्तर देता आलं नाही.

अंगणवाडीत बाळांचं वजन दर महिन्याला होतं. म्हाताऱ्या माणसाचं कोण करतं? आणि अंगाने भरलेलं माणूसही आतून कुपोषित असू शकतं, हे तर आमच्या गावीही नव्हतं.

खाणं कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागतं. पायांतली ताकद जाते, तोल जातो. प्रतिकारशक्ती घटते, साधा खोकला छातीत उतरतो. जखम लवकर भरत नाही. म्हणून अशा माणसाला दाखल करण्याची वेळ लवकर येते आणि मुक्कामही लांबतो. तिथे तपासण्यांसाठी उपाशी राहणं, घरी विसरलेली कवळी, दिवसचे दिवस अंथरूण, यात उरलीसुरली ताकदही जाते.

दादींचं काय झालं होतं? कवळी सैल झाली, म्हणून गोश्त आणि भाकरी सुटली. दोन्ही वेळा चहात बुडवलेलं बटर. शुगर म्हणून हे नको, बीपी म्हणून ते नको. खरं तर डॉक्टरांनी पथ्य थोडंच सांगितलं होतं, बाकीचं आम्हीच वाढवलं. आणि दादा गेल्यापासून त्या एकट्याच जेवत. दस्तरख्वानावर सगळे एकत्र फक्त ईदला!

महिन्याभरात वजन ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं, तर ते वयामुळे म्हणून सोडून देऊ नये. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो गेले, तर डॉक्टरांना दाखवावं. काट्यावर उभं राहता येत नसेल तर शिवणाची टेप पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरावी. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर तीही धोक्याची खूण. पायांवर सूज असेल तर मात्र टेप आणि काटा दोन्ही फसवतात.

उतारवयात दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात. आपल्याकडे आजाऱ्याला शोरब्याचं पाणी पाजून समाधान मानतात. ताकद मात्र त्यातल्या गोश्तात असते, तो बारीक करून द्यावा. घोटलेला खिचडा, मऊ कीमा, काटे काढलेली मासळी, दही, थोडं थोडं पण पाच-सहा वेळा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

रमजानचे रोजे सोडायला दादी तयार नव्हत्या. आजारी आणि वृद्धांना शरीअतने सवलत दिली आहे, हे इमामसाहेबांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा कुठे ऐकलं.

आता कवळी नवी आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला आम्ही काटा काढतो, नोंद शाळेच्या जुन्या वहीत. मागच्या वेळी ४३ किलो होतं, या वेळी ४३ किलो ६०० ग्रॅम. दादी काट्यावर चढताना दर वेळी कुरकुरतात, "कुर्बानी के बकरे सरीखा तोलते क्या मेरे को?"