कवंदीच्या कोपऱ्यांवरील फुले

महाराष्ट्रातील गोधडी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचीच एक बहीण बेळगावच्या दक्षिणेस, कारवारकडील अरण्यांत नांदत आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत. या समाजाचे पूर्वज मूळचे आफ्रिकेतील. त्यांतील अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले. दास्यातून निसटलेले कित्येक लोक घाटावरील रानांत स्थिरावले. या समाजातील स्त्रिया जी गोधडी शिवतात, तिला ‘कवंदी’ म्हणतात.

कवंदीला नवे कापड लागत नाही. जुने लुगडे अस्तर म्हणून जमिनीवर पसरावयाचे आणि एका कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा. ठिगळाची कड आत दुमडून ते काठाशी ठेवतात आणि साध्या धावदोऱ्याने सारे थर एकत्र टाचतात. एका ठिगळाची उघडी कड पुढच्या ठिगळाच्या दुमडीखाली झाकली जाते. टाक्यांच्या ओळी काठाशी समांतर जात, फेरे घेत घेत मध्याकडे येतात. हे टाके केवळ शोभेचे नव्हेत. थरांना बांधून ठेवणारे तेच असतात.

मध्य भरला तरी कवंदी पुरी होत नाही. चौकोनी चिंध्या दुमडून त्यांचे त्रिकोण करतात व ते एकावर एक रचून चारी कोपऱ्यांना जोडतात. हीच कवंदीची फुले. त्यांनी ऊब तिळभरही वाढत नाही. तरी फुलांवाचून कवंदी उघडीबोडकी मानली जाते. गरजेच्या वस्तूला कलेचे रूप येते ते येथे.

ठळक रंगाचे मर्मही या कामात दिसते. मोठ्या ठिगळांवर भडक रंगाचे लहान चौकोन बसविले की सारी पृष्ठभूमी जागी होते. माघ-फाल्गुनात निष्पर्ण रानात पळस फुलतो, तेव्हा दृष्टी प्रथम त्याच्याकडेच जाते. कारण भोवतालचे रान त्या वेळी धुरकट असते. सारेच रान तांबडे असते, तर पळस वेगळा दिसला नसता.

घरी अशी गोधडी करू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पानांचा हिरवा, मातीचा तपकिरी, पावसाळी आभाळाचा करडा असे शांत रंग मोठ्या ठिगळांसाठी घ्यावेत. ठळक रंग एकच निवडावा; तो चार फुलांत आणि मोजक्या चौकोनांत वाटून द्यावा. शिवण्यापूर्वी तुकडे मांडून दुरून पाहावे. एकाच जागी नजर अडत असेल, तर तेथील तुकडा हलवावा. तांबडे कापड आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग सुटत असल्यास ते वापरू नये, नाहीतर पहिल्याच धुण्यात सारे श्रम वाया जातील.

कृत्रिम धाग्यांची वस्त्रे घरोघरी आल्यापासून सुईला मानवणारे, वापरून मऊ झालेले सुती कापड दुर्मिळ होत आहे. उलटपक्षी, एके काळी घरच्या लेकरांसाठी शिवली जाणारी कवंदी आता दूरच्या शहरांतही विकली जाते. अशा वेळी तिचे मोल चिंध्यांच्या किमतीवरून ठरविणे अन्यायाचे होईल. चिंध्या जुन्या असतात हे खरे. परंतु काठापासून मध्यापर्यंत हाताने घातलेला प्रत्येक टाका नवा असतो, आणि दाम द्यावयाचे ते त्या टाक्याचे.