‘थ्री नॉट थ्री’ नेमकी कोणती?

‘थ्री नॉट थ्री’ हे एका रायफलीचे नाव आहे, असे भारतात सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात हा आकडा काडतुसाचा आहे : ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. ब्रेनगन ही हलकी मशीनगनही याच काडतुसावर चाले. १८८८ पासून ब्रिटिश फौजेत आलेल्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफलींचे कितीतरी नमुने या एका आकड्याखाली झाकले जातात.

ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड या दोन वेगळ्या बनावटीच्या बंदुका नव्हेत. दोन्हींची बोल्टयंत्रणा जेम्स पॅरिस ली यांचीच. मुख्य फरक नळीच्या आत आहे. मेटफर्ड नळीतले सात उथळ, गोलसर चर काळ्या दारूच्या काळातले. कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली आणि तिच्या उष्णतेने ते चर झपाट्याने झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्ड पद्धतीचे पाच खोल, चौकोनी कडांचे चर आले. अनेक जुन्या मेटफर्ड रायफलींना पुढे एनफिल्ड नळ्या बसवल्या गेल्या, त्यामुळे नळीत डोकावल्याशिवाय निर्णय देणे धोक्याचे.

‘शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड’ या नावातला ‘शॉर्ट’ मॅगझीनला लावला जातो, तोही चुकून. आखूड आहे ती रायफल. आधीची नळी ३०.२ इंचांची होती, नवी २५.२ इंचांची झाली. पायदळ आणि घोडदळ दोघांना एकच शस्त्र चालावे, हा त्यामागचा हेतू. लांब रायफलीच्या नळीचे टोक लाकडापुढे डोकावते, आखूड रायफलीचे लाकूड थेट बोथट नाकाडापर्यंत जाते. आखूड रायफलींतही सुरुवातीची मार्क १ आणि १९०७ ची मार्क ३ यांची गल्लत होते. इथे काडतुसांची पट्टी अडकवण्याची जागा पाहावी. मार्क १ मध्ये तिचा उजवा भाग बोल्टच्या डोक्यावर असून बोल्टबरोबर सरकतो. मार्क ३ वर पक्का, न हलणारा पूल आहे.

मार्कच्या आकड्यापुढचा तारा (*) मात्र हटकून फसवतो. मार्क ३ पुढे तारा म्हणजे सुधारित, अधिक चांगली रायफल, असे अनेकांना वाटते. उलट, महायुद्धाच्या घाईत उत्पादन सोपे व्हावे म्हणून १९१६ मध्ये मॅगझीन बंद करणारी सरकती पट्टी आणि दूरवर सामूहिक मारा करण्याची बाजूची साइट वगळली गेली. पण ही सरकती पट्टी नाही म्हणून रायफल तारांकितच, असेही म्हणता येत नाही. मूळ मार्क ३ वरूनही ती पट्टी नंतर काढली जाई. दस्त्याच्या मानेभोवतीच्या धातूच्या कड्यावर, उजव्या बाजूला, मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि मार्क कोरलेला असतो. आधी तो वाचावा. ते वर्षही संपूर्ण रायफलीचे नसते, कारण नळी, लाकूड, बोल्ट दुरुस्तीत बदलत असत.

संगिनीवरचे ‘१९०७’ हे तर निर्मितीचे वर्षच नाही. ते नमुन्याचे वर्ष आहे. घडणीचा महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक त्याखाली छापलेले असतात.

इशापूरच्या कारखान्यातली ‘२ए’ रायफल पाहणारा तिला जुनी मार्क ३ समजतो किंवा तिचे केलेले रूपांतर. ती १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी अधिक मजबूत पोलादात नव्याने बनवली गेली. तिचे मॅगझीन खालून चौकोनी दिसते.