कवलापूरचे दोन हवालदार

१८४३ साली सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, आणि तेव्हापासून मराठी नाटकाचे जन्मस्थान म्हणून जो मान सांगलीकडे चालत आला तो यथार्थच आहे; परंतु दरबारी नाटकाची ही कुळकथा रंगवून सांगणारे आपले इतिहासकार त्याच मुलखातल्या तमाशाची बोळवण मात्र बहुधा एखाद्या तळटीपेत करतात. वास्तविक रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्ण कुलकर्ण्यांनी, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी, जातीची प्रतिष्ठा झुगारून फडाची वाट धरली ती याच कृष्णाकाठी, आणि अण्णा भाऊ साठ्यांचे वाटेगावही त्याच वाळवे तालुक्यातले.

सांगलीजवळच्या कवलापूरचा खाडे मंडळींचा फड याच परंपरेतला. शिवा-संभा ही त्या घराण्याची आधीची नामांकित जोडी; पुढे लहू आणि अंकुश या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात दोन हवालदारांची सोंगे अशी काही वठवली की त्यांची जन्मनावे मागे पडून काळू-बाळू हीच नावे जत्रेजत्रेत रूढ झाली. बतावणीत सरदाराने भारदस्त शब्द टाकावा आणि सोंगाड्याने तो भलत्याच अर्थाने झेलून परतवावा, ही रीत जुनीच; पण येथे झेलणारे दोघे, चेहरा एक, पोशाख एक, त्यामुळे आता बोलला तो काळू की बाळू याचा निवाडा होईतो दुसरा हशा उसळलेला असे. त्यातही सोंग हवालदाराचे! प्रतिसरकारच्या काळात ज्या सातारा जिल्ह्याने (सांगलीचा बराचसा भाग तेव्हा त्यातच होता) पोलिसांच्या धाडी आणि झडत्या सोसल्या, त्या मुलखातल्या प्रेक्षकाला सरकारी पट्टा-टोपीची ही फजिती अधिकच गोड लागली असावी, असा माझा तर्क आहे.

पूर्वी यात्रा कमिटीने सुपारी द्यावी, फडाने उघड्या माळावर खेळ करावा आणि बिदागी घेऊन पुढचा मुक्काम गाठावा, एवढाच व्यवहार होता. तिकिटाचा तंबू आला आणि कनाती, बांबू, दोरखंड, जनरेटर, मालमोटारी असा सारा सरंजाम फडमालकाच्या गळ्यात पडला. मोठ्या फडात शंभरावर माणसे. दसऱ्याला बाहेर पडायचे, वैशाखापर्यंत गावोगाव हिंडायचे, आणि पावसाळ्यात घरी बसलेल्या कलावंतांना पुढल्या हंगामाची उचल द्यायची, तीही पुष्कळदा सावकाराकडून व्याजाने आणून. विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी कऱ्हाडजवळच्या करवडीच्या नावावर चालवलेला फड याच तंबूच्या जमान्यातला.

गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा क्रम निवांत रात्रीसाठी बांधलेला. पूर्वी वग संपता संपता तांबडे फुटे. आता रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करण्याचा कायदा आहे, आणि सवलतीचा परवाना मिळाला तरी तो मोजक्याच रात्रींचा. वेळ अपुरा पडला की फडमालक गाण्यांना हात लावत नाही, कारण तिकीट त्यांवर खपते. कात्री लागते ती वगाला, आणि दोन-तीन तास लोकांना खेळवून ठेवण्याची उमेद बाळगणाऱ्या सोंगाड्याला दोन गाण्यांमधल्या पाच मिनिटांवर समाधान मानावे लागते.