यादी संपत नाही, कारण ती संपणारी नसते

संध्याकाळी सातच्या सुमारास हुबळीच्या दुर्गदबैलात उभं राहायला जागा नसते. कापड, भांडी, बांगड्या, भाजी, गिरमिट आणि मिरचीभज्यांचे गाडे, आणि या गर्दीत खांद्याला ऑफिसची बॅग, एका हातात पिशवी, मान वाकडी करून धरलेला फोन आणि तोंडी एकच वाक्य, "हो सर, उद्या सकाळी पहिलं तेच पाठवते." कुणी दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयात आहे, कुणी बँकेत, कुणी रोज धारवाडला जाऊन-येऊन करतो. १९६२ साली हुबळी आणि धारवाडची महानगरपालिका एक झाली, पण मधले वीसेक किलोमीटर जिथल्या तिथेच राहिले.

या मंडळींना सल्ल्यांचा तुटवडा नाही. पहाटे उठा, यादी करा, अमुक अ‍ॅप घ्या, 'नाही' म्हणायला शिका. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातले बरेच सल्ले ज्या समजुतीवर उभे आहेत ती तपासली की डळमळते. आखणी नीट केली की सगळं दिवसात बसतं, अशी ही समजूत. सगळं बसत नाही. बसवायचा अट्टहास सोडला की मगच आखणीचा काही उपयोग होतो.

गैरसमज : जितके तास जास्त, तितकं काम जास्त

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. त्यांच्या पत्नी सुधा मूर्ती हुबळीच्याच बीव्हीबी कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या, तेव्हा हे बोलणं इथल्या लोकांना अगदीच परक्याचं वाटण्यासारखं नव्हतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं आणि ७० तासही सौम्य वाटू लागले.

वस्तुस्थिती शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांत सापडते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांचे तास आणि त्यांचं उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. या कामगारांत बायका मोठ्या संख्येने होत्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत तास वाढले की उत्पादन त्याच प्रमाणात वाढत होतं. त्यापुढे वाढ मंदावत गेली, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. वरचे चौदा तास जवळजवळ फुकट गेले. हे झालं नग मोजता येणाऱ्या कामाचं. कर्जाची फाइल तपासणं, निविदा वाचणं, रुग्ण बघणं या कामांत थकलेल्या माणसाची चूक लगेच दिसतही नाही. ती पुढच्या आठवड्यात, वेगळ्या टेबलावर उगवते.

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ४८ तास ठेवली, ती पेन्कावेल यांच्या आकड्याच्या इतकी जवळ आहे हा योगायोगच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेब जास्त कडू आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

साहेब बसलेत म्हणून आपणही बसायचं, ही जी रीत आहे, तिला तर काम म्हणण्याचंही कारण नाही.

गैरसमज : "अर्ध्या तासाचं तर काम आहे"

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे, आणि याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सातत्याने कमी करतो, आणि तेही मागचा अनुभव डोळ्यांसमोर असताना. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडत गेलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. वाइटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. पहिल्या अंदाजाप्रमाणे काम पुरं करणारे तिसरा हिस्साही नव्हते.

असं होतं कारण आपण डोळ्यांसमोर फक्त काम आणतो, कामाच्या आजूबाजूचं आणत नाही. दुर्गदबैलाच्या मागच्या गल्लीत राहणारी आणि धारवाडच्या बँकेत काम करणारी एखादी बाई घ्या. बीआरटीएसची 'चिगरी' बस २०१८ पासून धावू लागली, तिला स्वतंत्र मार्गिका आहे, त्यामुळे प्रवास पूर्वीपेक्षा सरळ झाला. पण त्या बाईच्या डोक्यातला प्रवास म्हणजे बस सुटण्यापासून बस थांबेपर्यंतचा. गल्लीतून थांब्यापर्यंतचं चालणं, गर्दीमुळे सोडून दिलेली एक बस, उतरल्यावर शाखेपर्यंतची रिक्षा हे रोज घडतं, तरी रोज हिशेबाबाहेर राहतं. हुबळी स्टेशनावरही तीच गंमत. तिथला फलाट १,५०७ मीटर लांब, जगातला सर्वांत लांब म्हणून मिरवला जाणारा. 'स्टेशनावर पोचलो' आणि 'आपल्या डब्यापाशी पोचलो' यांत वीस मिनिटांचं अंतर पडू शकतं, हे धावत सुटलेल्या माणसालाच कळतं.

आणि ज्या रेल्वेला आपण उशिरासाठी नावं ठेवतो, ती याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. वेळापत्रक बनवणारे गाडीच्या निव्वळ धावण्याच्या वेळेवर थांबत नाहीत. रुळांच्या दुरुस्तीपायी हळू जावं लागेल म्हणून काही मिनिटं आणि झालेला उशीर भरून काढण्यासाठी आणखी काही, अशी ती वेगळी धरलेली असतात. म्हणून शेवटच्या स्थानकाआधीचा छोटासा टप्पा वेळापत्रकात अवाच्या सवा वेळ खाताना दिसतो, आणि वाटेत रखडलेली गाडी कधी कधी शेवटी वेळेवर येऊन उभी राहते. रेल्वेच्या मुख्यालयात नोकरी करणारा माणूस मात्र स्वतःच्या दिवसात अशी पाच मिनिटंही ठेवत नाही. दहाची मीटिंग, अकराची मीटिंग, बाराचा अहवाल. दहाची मीटिंग सव्वा अकराला संपली की उरलेला दिवस माफी मागण्यात जातो.

यावरचा उपाय काहनमन यांच्याच विचारातून निघतो. 'याला किती वेळ लागेल?' असं स्वतःला विचारूच नये. 'असलं काम मागच्या तीन वेळा किती वेळात झालं?' हे विचारावं आणि येईल तो आकडा निमूट मान्य करावा. आठ तासांच्या दिवसात पाच तासांचंच काम आखावं, हे माझं मत. उरलेले तीन तास रिकामे राहतील अशी भीती कुणी बाळगू नये. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात ते भरायला माणसं तयार असतात.

गैरसमज : एका वेळी चार कामं करणारा हुशार

मेंदू चार कामं एकदम करत नाही. तो एकातून दुसऱ्यात उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो आणि नव्या कामाची प्रत त्यामुळे उतरते.

इथे एक मजेशीर निष्कर्षही आहे, जो सहसा कुणी सांगत नाही. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात मधेमधे अडथळे आलेल्या लोकांनी काम उशिरा नव्हे, उलट लवकर संपवलं. पण त्याची किंमत त्यांनी वाढलेल्या ताणाने, चिडचिडीने आणि घाईच्या भावनेने मोजली. "मला व्हॉट्सअ‍ॅपचा त्रास होत नाही, माझं काम वेळेत होतं," असं म्हणणारा सहकारी खोटं बोलत नसतो. त्याचं बिल फक्त घरी जातं.

गैरसमज : चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात

हे वाक्य भाषणात छान वाटतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामासाठी ते काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसल्या, पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तासांच्या वर. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची मिनिटं थोडी घटली आणि पुरुषांचीही घटली!

'पहाटे पाचला उठा' हा उपदेश याच्याच शेजारी ठेवून पाहावा. पाचला उठणाऱ्या बायका या शहरात घरोघरी आहेत. पाणी भरणं, डबे, मुलांची तयारी, सासूबाईंच्या गोळ्या. त्यांच्यावर कुणी यशाची पुस्तकं लिहिली नाहीत. लवकर जाग येणं किंवा रात्री उशिरा डोकं चालणं हे काही अंशी आनुवंशिकही असतं, आणि पाचला उठून अकराला झोपणाऱ्याच्या वाट्याला सहाच तास येतात. पेनसिल्व्हेनियात २००३ मध्ये झालेल्या प्रयोगात सलग चौदा दिवस सहा तासच झोपू दिलेल्या लोकांची सावधता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. आपण बिघडलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवलं नाही, हे त्याहून वाईट. तेव्हा लवकर निजणार असाल तर खुशाल लवकर उठा.

नवराबायको दोघंही नोकरी करत असतील तर वेळेच्या नियोजनाचं पहिलं पान ऑफिसच्या डायरीत नसतं. कोणती कामं कोणाची, हे एकदा बसून, भांडण झालं तरी चालेल पण बोलून ठरवणं, हे ते पान.

गैरसमज : चांगली यादी किंवा चांगलं अ‍ॅप मिळालं की सुटलो

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रांचेस्को चिरिलो यांची पद्धत असो किंवा 'तातडीचं' आणि 'महत्त्वाचं' असे चार चौकोन असोत, कशातही जादू नाही. जमलं तर वापरा. यादीपुरती एक गोष्ट मात्र खरी आहे. मासिकँपो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या संशोधनानुसार अपुरं काम डोक्यात घोळत राहणं थांबायला ते काम संपावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं एवढं ठरलं तरी मन बरंचसं मोकळं होतं. म्हणून 'ऑडिट' असा एक शब्द लिहून ठेवण्यापेक्षा 'ऑडिटची पहिली फाइल, बुधवारी अकरा वाजता, कुलकर्णीबाईंच्या टेबलावर' असं लिहिलेलं बरं.

गैरसमज : वेळेचं नियोजन म्हणजे जास्त काम उरकण्याची कला

ब्रॅड एऑन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १५८ अभ्यास एकत्र करून तपासले. नियोजनाने कामगिरी सुधारते, पण बेताचीच. आयुष्याबद्दलचं समाधान त्याहून जास्त वाढतं. ही बातमी वरिष्ठांना आवडेल असं नाही.

राहिला 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला. ज्याने तो दिला त्याने मार्चअखेरीस बँकेत नोकरी केली नसावी. आपल्याकडे साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. "सर, हे आज हातात घेतलं तर कालचं स्टेटमेंट उद्यावर जाईल. आधी कोणतं करू?" एवढं मात्र म्हणता येतं. निवड साहेबांनी करायची, आणि शक्यतो लेखी, निदान मेसेजवर तरी. तीन रिकाम्या जागांचं काम एकाच्या टेबलावर आलं असेल तर तिथे डायरी, अ‍ॅप, पहाट काहीच पुरणार नाही. तो नेमणुकीचा प्रश्न आहे, शिस्तीचा नाही. अशा वेळी दोन आठवडे कोणत्या कामाला खरोखर किती वेळ गेला याची साधी नोंद ठेवावी आणि पुढच्या आढावा बैठकीत तो कागद साहेबांपुढे ठेवावा.