कट्टी नाही, म्हणून बट्टीही नाही

लहान मुलांची कट्टी तोंडावर सांगून होते आणि बट्टीही तशीच. आठवी-नववीत मात्र कुणी कट्टी घेत नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडतात, मुली गोल करून बसतात आणि एकीसाठी कुणी सरकत नाही, एवढंच. व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढलेलंही नसतं. तिला वगळून दुसरा ग्रुप निघतो आणि जुना ओस पडतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘कुठे काय? तुलाच वाटतंय.’ भांडण झालेलंच नाही, तर मिटवणार काय? घरी सांगावं तर आईबाबा म्हणतात, ‘दुर्लक्ष कर.’ सल्ला मायेचाच असतो, पण काही घडलेलंच नाही हे तिला त्या दिवसात दुसऱ्यांदा ऐकावं लागतं. मोठ्यांनी मोठ्यांना वाळीत टाकलं तर तो गुन्हा, असा कायदा महाराष्ट्राने २०१६मध्ये केला. पोरींचं तेवढं ‘पोरखेळ’ म्हणून सोडून द्यायचं!

दुर्लक्ष करणं जमत का नाही, हे किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाच्या ‘सायबरबॉल’ या साध्या खेळातून कळतं. पडद्यावर तिघे चेंडू फेकतात. थोड्या वेळाने दोघे आपसातच खेळू लागतात आणि तिसऱ्याकडे चेंडू येईनासा होतो. काही मिनिटांचाच खेळ, पण तिसरा हिरमुसतो. २००४च्या एका प्रयोगात समोर संगणक खेळतोय हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी लागायचं ते लागलंच. म्हणजे हे दुखणं विचार करून ओढवून घेतलेलं नसतं; विचार त्याच्या मागून येतो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच खेळ किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना दिला, तेव्हा मुलींची मनःस्थिती अधिक खालावलेली दिसली.

यावर हमखास आक्षेप येतो: इतकं कुरवाळलं तर मुलं कणखर कशी होणार? ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११चा अमेरिकेतला प्रयोग इथे उपयोगी पडतो. कॉलेजात नव्याने आलेल्यांना त्यांनी एवढंच पटवून दिलं, की आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि ते ओसरतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. ती कॉलेजची मुलं होती आणि प्रश्नही थोडा निराळा होता, त्यामुळे हे फार ताणू नये. पण ‘हे खरं आहे आणि हे सरतं’ ही दोन्ही वाक्यं त्यात होती. आपण घरी दुसरंच तेवढं म्हणतो.

काही पालक दुसऱ्या टोकाला जाऊन थेट त्या मैत्रिणींच्या आयांना फोन लावतात. दबावाने मिळालेली जागा लिंबूटिंबूची असते आणि चौदा वर्षांच्या मुलीला ते नेमकं कळतं. टोमणे, धमक्या, फोटोंचे खेळ, जातीवरून बोलणं सुरू असेल तर मात्र शाळेत जायलाच हवं, तेही लगेच. एरवी तिचं पूर्ण ऐकावं आणि वर्गाबाहेर एखादं वर्तुळ शोधायला मदत करावी: कबड्डीचा संघ, नाटकाची तालीम, ढोलपथक, जिथे वर्गातल्या हिशेबांचा कुणाला पत्ता नसतो. एका वर्तुळातून बाहेर पडलेल्याला दुसरं असलं, की पहिल्याची सत्ता आपोआप कमी होते. आणि जेवण-झोप उडाली, ‘जगावंसं वाटत नाही’ असं तोंडून आलं, तर वाट पाहू नका. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.