लेखकाची विश्रांती

साहित्यसंस्थेच्या बैठकीत दोन लेखक भेटले की कुशलप्रश्न संपतात न संपतात तोच "सध्या नवीन काय चालले आहे?" अशी पृच्छा होते. ज्याचे काही चालू असते तो उत्साहाने सांगू लागतो. ज्याचे एक पुस्तक नुकतेच हातावेगळे झाले आहे तो मात्र ओशाळतो आणि "विचार चालू आहे" असे काहीतरी पुटपुटतो. मी विश्रांती घेत आहे, असे सरळ सांगण्याचा धीर आपल्यापैकी फार थोड्यांना होतो. हा ओशाळेपणा कोठून येतो व तो कितपत रास्त आहे, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

विश्रांती परवडणे हेही एक भाग्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सुरतेचे कवी नर्मद यांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. कर्ज सोसून त्यांनी तो चोवीस वर्षे पाळला. १८८२ साली नाइलाजाने पुन्हा नोकरी धरली आणि १८८६ साली त्यांचे निधन झाले. ज्याची चूल लेखणीवर पेटते त्याने ती खाली ठेवणे कठीणच. परंतु आपण बहुतेकजण शिक्षक वा प्राध्यापक. आपला शिधा पगारातून येतो. मग ही टोचणी कशाची? मला वाटते, आपण नकळत लेखनाचा हिशेब रोजंदारीच्या वहीत मांडतो. आज पाने लिहिली नाहीत, म्हणजे आजचा दिवस बुडाला!

गंमत अशी की, ज्यांचा हिशेब खरोखरच तसा आहे ते या बाबतीत आपल्याहून शहाणे आहेत. मी राहतो त्या कतारगामात हिऱ्यांना पैलू पाडण्याचे असंख्य कारखाने आहेत. येथील कारागिरांची मजुरी बहुधा नगावर ठरते; घंटी थांबली की कमाई थांबली. तरीही दिवाळीत सुमारे तीन आठवडे घंट्या बंद राहतात आणि कारागीर सौराष्ट्रातील आपापल्या गावी जातात. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची छाया मला कधी दिसली नाही. कारण ती सुटी ठरलेली असते. तिला आरंभ असतो आणि शेवटही असतो. २००८ साली जागतिक मंदी आली आणि दिवाळीनंतर अनेक कारखाने उघडलेच नाहीत. तोच माणूस, तेच घर, तोच रिकामा हात. पण शेवट नाहीसा होताच सुटीची धास्ती झाली. लेखकाचेही असेच होते. ठरवून घेतली तर ती विश्रांती ठरते. न ठरवता, रोज उद्यावर ढकलत घेतली तर ती चुकवेगिरी वाटू लागते.

कोणी म्हणेल, कारखान्याची तारीख लावता येते, प्रतिभेची कशी लावावी? येथे शेतकऱ्याकडून शिकावे. आमच्या शाळेतील मुलांचे पालक बहुतेक खानदेशातून आलेले. त्यांच्याशी बोलताना ही गोष्ट मला उमगली. उन्हाळ्यात नांगरलेले रान काही पिकवीत नाही. पण ढेकळे उन्हात तापतात, तणांची मुळे व किडी मरतात. पाऊस पडला तरी जाणता शेतकरी लगेच पेरीत नाही. तो मूठभर माती दाबून तिचा गोळा करतो व खाली टाकतो. गोळा फुटून मोकळा झाला, तर वापसा आला. चिखलासारखा चिकटून राहिला, तर अजून थांबावयाचे. त्याला तारीख ठाऊक नसते, खूण ठाऊक असते. आणि थांबलेला असतानाही तो रोज बांधावर जाऊन येतो, हे विसरू नये.

याच खानदेशातील भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांची पुढली कादंबरी 'बिढार' १९७५ साली. मध्ये एक तप गेले. 'झूल' १९७९ची, तर 'हिंदू' २०१०ची. म्हणजे एकतीस वर्षे. या काळात त्यांचे अध्यापन, समीक्षा व कविता चालू होती. थांबली होती ती कादंबरी. पहिल्या यशाच्या भरात दर वर्षी एक कादंबरी देणे त्यांना अशक्य नव्हते. पण एका पुस्तकाची भाषा कानातून उतरल्यावाचून दुसऱ्याची भाषा ऐकू येत नाही.

हे मी स्वानुभवाने सांगतो. माझे पहिले पुस्तक संपले त्याच मे महिन्यात, केवळ टोचणीपोटी, मी दुसरे लिहावयास घेतले. दीडशे पाने झाल्यावर ती एका स्नेह्यांना वाचून दाखविली. ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "गुरुजी, हे तर आम्ही वाचले आहे." पहिल्या पुस्तकाचीच ती पडछाया होती. ती पाने मी बांधून ठेवली. पुढील दिवाळीपर्यंत काही लिहावयाचे नाही, असे दिनदर्शिकेवर लिहिले आणि घरातही सांगितले. पहिले काही दिवस जड गेले. पन्नाशी उलटल्यावर आता थांबलो तर पुन्हा हात चालेल का, ही भीती खोटी नसते. पुढे मात्र परीक्षणाचा हेतू न धरता पुस्तके वाचू लागलो, नातीबरोबर तापीकाठी फिरू लागलो.

विश्रांती आणि आळस यांतील भेद यावरून दाखविता येईल. आळशाला रानाची आठवणही नको असते. विसावलेला लेखक मात्र बांधावरून रोज फेरी मारतो. वाचावे, ऐकावे, एखादा शब्द टिपून ठेवावा. परंतु नांगर जुंपू नये. आणि पुढल्या बैठकीत कोणी विचारले, "सध्या काय चालले आहे?" तर खाली न पाहता सांगावे, "रान तापते आहे. अजून वापसा आलेला नाही."