आयफोन की गॅलॅक्सी? दीड लाख मोजण्याआधी दूर करायचे आठ गैरसमज

आयफोन १७ प्रो मॅक्स सप्टेंबर २०२५मध्ये भारतात आला, तेव्हा २५६ जीबीसाठी त्याची किंमत होती १,४९,९०० रुपये. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा त्याच वर्षी जानेवारीत आला होता, तेवढ्याच स्टोरेजसाठी १,२९,९९९ रुपयांना. एवढी रक्कम एका फोनवर घालायची म्हटल्यावर माणूस दहा जणांना विचारतो, आणि दोन्ही बाजूंचे वकील दुकानापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे तयारच असतात. त्यांची भिस्त आकड्यांवर: २०० मेगापिक्सेल, ५००० एमएएच, ३००० निट्स. हे आकडे खोटे नाहीत. गडबड होते ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षांत. शिवाय या दोन फोनमध्ये खरा फरक जिथे आहे, त्याला तुलनेच्या तक्त्यात बहुधा रकानाच नसतो.

गैरसमज १: २०० मेगापिक्सेल म्हणजे ४८च्या चौपट चांगला फोटो

वस्तुस्थिती: सेन्सरची जागा मर्यादित असते. तिथे जितके जास्त पिक्सेल कोंबाल, तितका प्रत्येक पिक्सेल लहान होतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. एस२५ अल्ट्राच्या मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा आहे. एवढ्याशा पिक्सेलवर संध्याकाळचा फोटो नीट निघत नाही, म्हणून फोन चार बाय चार असे सोळा पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक मोठा पिक्सेल बनवतो. त्याची रुंदी होते २.४ मायक्रॉन, आणि हाती येणारा नेहमीचा फोटो असतो १२ मेगापिक्सेलचा. आयफोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा पिक्सेल १.२२ मायक्रॉनचा. तो चार पिक्सेल एकत्र करतो आणि पोचतो २.४४ मायक्रॉनवर. म्हणजे २०० आणि ४८ अशी सुरू झालेली शर्यत अंधारात जवळजवळ एकाच रेषेवर येऊन थांबते.

मग २०० मेगापिक्सेल निव्वळ जाहिरात का? तसंही नाही. लख्ख उन्हात, हात स्थिर ठेवून पूर्ण रिझोल्यूशनवर फोटो काढला, तर नंतर त्याचा छोटासा भाग कापून वापरता येतो किंवा मोठ्या फ्लेक्सवर छापता येतो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्यात तो पर्याय आपण स्वतः निवडावा लागतो, आणि प्रत्येक फोटो स्टोरेज भरपूर खातो. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या फोटोला याचा काडीचा उपयोग नाही.

गैरसमज २: १०० पट झूममध्ये चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात

वस्तुस्थिती: दिसतात, पण ते सगळे भिंगातून आलेले नसतात. २०२३मध्ये एका वापरकर्त्याने साधा प्रयोग केला. चंद्राचा एक फोटो घेऊन तो मुद्दाम लहान आणि धूसर केला, इतका की त्यात खड्डे उरलेच नाहीत. मग तो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि त्या वेळच्या एस२३ अल्ट्राने लांबून त्याचा फोटो काढला. फोनने दिलेल्या फोटोत खड्डे स्पष्ट उमटले होते. त्यानंतर सॅमसंगने खुलासा केला, की समोर चंद्र आहे हे फोन ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्याचा तपशील वाढवतो. चंद्राची पृथ्वीकडे नेहमी एकच बाजू असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो चेहरा शिकणं सोपं.

भिंगांचा खरा हिशेब वेगळाच आहे. एस२५ अल्ट्रामध्ये तीन पट झूमचं १० मेगापिक्सेलचं आणि पाच पटीचं ५० मेगापिक्सेलचं, अशी दोन दूरची भिंगं आहेत. आयफोन १७ प्रो मॅक्समध्ये चार पटीचं एकच भिंग आहे, पण सेन्सर ४८ मेगापिक्सेलचा, त्यामुळे त्याचा मधला भाग वापरून आठ पटीपर्यंत दर्जा चांगला टिकतो. त्यापुढचं सगळं दोन्हीकडे कापाकापी आणि सॉफ्टवेअर. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसून रंगमंचावरच्या आपल्या मुलाचा फोटो काढायचा, तर तीन ते दहा पट एवढाच पल्ला कामाचा. दुकानात चंद्र शोधू नका, समोरच्या दुकानाच्या पाटीवर हाच पल्ला तपासा.

गैरसमज ३: दोन्ही आयपी६८, म्हणजे मालवणला पाण्यात नेला तरी हरकत नाही

वस्तुस्थिती: आयपी६८ची चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. सॅमसंगचा दावा दीड मीटर खोलीवर अर्ध्या तासाचा, ॲपलचा सहा मीटरवर अर्ध्या तासाचा. खारं पाणी, लाटांचा मारा, तरणतलावातलं क्लोरीन यांचा त्या चाचणीशी संबंध नाही. फोन पडला किंवा दुरुस्तीसाठी उघडला, तर हे संरक्षण कमीही होतं. आणि पाण्याने झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत दोघंही धरत नाहीत.

पाण्याच्या जाहिरातींवरून दोघांनाही दणका बसलेला आहे. दिशाभूल केल्याबद्दल इटलीने २०२०मध्ये ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला. सॅमसंगला २०२२मध्ये ऑस्ट्रेलियात एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. तिथला मुद्दा आपणही लक्षात ठेवावा असा आहे: समुद्रात किंवा तलावात भिजलेला फोन ओल्या पोर्टने चार्जिंगला लावला, की पोर्ट गंजतं. पावसात कॉल घ्यायला हरकत नाही, पण घरी आल्यावर पोर्ट पूर्ण वाळेपर्यंत चार्जर दूर ठेवा.

गैरसमज ४: दुबईहून किंवा अमेरिकेहून मागवला तरी फोन तोच

वस्तुस्थिती: नाव तेच, फोन तोच नाही. अमेरिका, कॅनडा, जपान, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार अशा काही देशांत विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ प्रो मॅक्सला सिमकार्डचा ट्रेच नाही. तो फक्त ई-सिमवर चालतो. ट्रेची वाचलेली जागा बॅटरीला मिळाली, म्हणून ॲपल त्या मॉडेलसाठी ३९ तास व्हिडिओ प्लेबॅक सांगते आणि सिमवाल्या भारतीय मॉडेलसाठी ३७ तास. आखातातल्या भावाने आणलेला फोन इथे चालेल, कारण जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात. पण फोन बिघडल्यावर सिम काढून जुन्या हँडसेटमध्ये टाकायची सोय गेली. सॅमसंगच्या बाबतीत वॉरंटीची अडचण येते, कारण ती साधारणपणे फोन ज्या देशात विकला गेला त्या देशापुरती असते.

बॅटरीचा विषय निघालाच आहे, तर एमएएचचा आकडाही घ्या. सॅमसंग ५००० एमएएच ठळक छापते, ॲपल हा आकडा जाहिरातीत देतच नाही. व्हिडिओचे तास दोघंही देतात, पण ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेतल्या ज्याच्या त्याच्या पद्धतीने मोजलेले. ते एकाशेजारी एक मांडून कोणाची बॅटरी मोठी हे ठरत नाही.

गैरसमज ५: अँड्रॉइडला दोन वर्षांनंतर कोणी विचारत नाही

वस्तुस्थिती: हे एके काळी खरं होतं. जानेवारी २०२४च्या एस२४ मालिकेपासून सॅमसंगने सात वर्षं अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट द्यायचं जाहीर केलं आहे. त्या हिशेबाने एस२५ अल्ट्राला २०३२च्या सुरुवातीपर्यंत अपडेट मिळतील. गंमत म्हणजे लेखी आश्वासन ॲपलचं कमी आहे: ब्रिटनच्या कायद्यामुळे तिला किमान मुदत जाहीर करावी लागली, ती पाच वर्षांची. पण ॲपलची प्रत्यक्षातली कामगिरी त्याहून चांगली आहे. २०१८च्या आयफोन एक्सएसला २०२४चं आयओएस १८ मिळालं. एकाकडे मोठा शब्द, दुसऱ्याकडे जुना दाखला. फोन चार-पाच वर्षं वापरणाऱ्याने या मुद्द्यावर डोकं शिणवायची गरज नाही.

गैरसमज ६: आयफोन घेतला की फसवणुकीची भीती नाही

वस्तुस्थिती: एका बाबतीत आयफोन खरंच जास्त बंदिस्त आहे. ई-चलन भरा, लग्नपत्रिका पाहा, वीज तोडली जाईल असे मेसेज पाठवून त्यासोबत एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल धाडायची, हा भारतातल्या भामट्यांचा आवडता डाव. ती फाइल आयफोनमध्ये चालतच नाही. गॅलॅक्सीमध्ये ऑटो ब्लॉकर नावाची सोय अशी बाहेरची ॲप अडवते. फोन सुरू करताना ती बंद करू नका, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये तर मुद्दाम तपासून घ्या.

पण ओटीपी आपणच वाचून दाखवला, किंवा डिजिटल अटकेच्या धाकाने पैसे आपणच पाठवले, तर फोन कोणत्या कंपनीचा आहे याला अर्थ राहत नाही. आणि अभेद्य तर कोणीच नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये भारतातल्या अनेक विरोधी पक्षनेत्यांना आणि काही पत्रकारांना त्यांच्या आयफोनवर हल्ल्याचा प्रयत्न झाला असण्याचा इशारा खुद्द ॲपलनेच पाठवला होता.

गैरसमज ७: हे दोघे हाडवैरी, त्यामुळे फोनही आतून पूर्ण वेगळे

वस्तुस्थिती: आयफोनच्या पडद्यांचा एक मोठा पुरवठादार सॅमसंगचीच डिस्प्ले कंपनी आहे. आयफोनची ए१९ प्रो आणि गॅलॅक्सीची स्नॅपड्रॅगन ८ एलिट या दोन्ही चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यांत, तीन नॅनोमीटरच्या तंत्राने बनतात. बेंचमार्कच्या गुणांत फरक सापडेल, पण बँकेचं ॲप उघडताना तो जाणवणार नाही. पडद्याच्या कमाल प्रकाशाचंही तेच. आयफोनचे ३००० आणि गॅलॅक्सीचे २६०० निट्स हा फरक कागदावर मोठा वाटतो, प्रत्यक्षात कडक उन्हातही डोळ्यांना जेमतेम कळतो.

गैरसमज ८: नो कॉस्ट ईएमआय फुकट, आणि दोघांच्या किमतीत फरक वीस हजारांचा

वस्तुस्थिती: शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधी देतो, म्हणून हिशेब जुळल्यासारखा वाटतो. मात्र त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच कार्डावर पडते. एकरकमी पैसे दिल्यास वेगळी सूट मिळते का, हे विचारून मगच हप्ता निवडावा.

किमतीतला फरक तर वर्षभर हलत असतो. जानेवारी २०२४मध्ये १,२९,९९९ रुपयांना आलेला एस२४ अल्ट्रा २०२५च्या सणासुदीच्या सेलमध्ये पंचाहत्तर हजारांच्या आत आला होता. आयफोनची किंमत इतक्या वेगाने उतरत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तो विकतानाही जास्त पैसे देतो. म्हणून खरेदीची किंमत वजा विक्रीची किंमत, भागिले वापराची वर्षं, असा हिशेब मांडा. समजा दीड लाखाचा फोन तीन वर्षांनी साठ हजारांना गेला, तर वर्षाला तीस हजार पडले. दुसरा एक लाखाला घेऊन तीस हजारांना विकला, तर तेवीस हजारांच्या आसपास. हे आकडे उदाहरणापुरते. आपल्या शहरातल्या सेकंडहँड बाजारातला भाव विचारून ते बदला. यातून एक गोष्ट मात्र पक्की निघते: लाँचच्या दिवशी पूर्ण किमतीला घेणाऱ्याला सॅमसंग सर्वांत महागात पडतो.

मग घ्यायचा कोणता?

तक्त्यात न सापडणारे प्रश्न स्वतःला विचारा. व्यवसायात कॉल रेकॉर्डिंग लागतं का? गॅलॅक्सीच्या फोन ॲपमध्ये ते आहे. आयफोनमध्येही ऑक्टोबर २०२४पासून आलं, पण रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्याला तशी घोषणा ऐकू येते. पीडीएफवर सही करणं, नकाशावर खुणा करणं हे रोजचं काम असेल, तर एस पेन फक्त अल्ट्रामध्ये आहे. व्हिडिओ काढून व्यावसायिक संकलनासाठी द्यायचा असेल, तर प्रोरेस फॉरमॅट आयफोनमध्ये आहे.

घरात आधीच ॲपलचं घड्याळ असेल, तर गॅलॅक्सी घेतल्यावर ते बिनकामाचं होईल. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पांचा बॅकअप अँड्रॉइडमध्ये गूगलकडे आणि आयफोनमध्ये आयक्लाउडवर जातो, आणि एकीकडचा दुसरीकडे उघडत नाही. बाजू बदलणार असाल, तर नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच मूव्ह टू आयओएस किंवा स्मार्ट स्विच वापरून गप्पा हलवा. हे नंतरवर टाकलं तर पंचाईत होते.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. ॲपलचं स्वतःचं दुकान मुंबईत बीकेसीला एप्रिल २०२३पासून आहे, पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५पासून. जिथे असं दुकान नाही, तिथे अधिकृत सेवा केंद्रांवर भिस्त. तालुक्याच्या गावी सॅमसंगचं केंद्र सापडण्याची शक्यता जास्त. फोन घेण्याआधी जवळच्या केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचारा: फुटलेली स्क्रीन बदलायला किती रुपये पडतात, आणि किती दिवस लागतात.

या सगळ्या उत्तरांत एकही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या बाजूला खेचत नसेल, तर आज जो फोन वापरता त्याच कंपनीचा घ्या. आणि ज्यांना दोन्ही फोन सारखेच पसंत आहेत, त्यांनी आदल्या वर्षीच्या मॉडेलची सेलमधली किंमत पाहून मगच दीड लाखांकडे वळावं.